विजय अमृतराज आम्हाला फक्त आवाज म्हणून माहीत, खेळाडू म्हणून किती मोठा होता? आणि खेळाडूचा कॉमेंटेटर होतो कसा?

सेंटरकोर्ट_नाशिक

मी टेनिस बघायला लागलो ते केबलवर, सॅम्प्रस-अगासीच्या काळात, त्यामुळे विजय अमृतराज म्हटलं की मला चेहऱ्याआधी आवाज आठवतो. संथ, स्वच्छ, कधीच न चढणारा, आणि शेजारी ॲलन विल्किन्स. विम्बल्डन सुरू झालं की संध्याकाळी हे दोघं घरात असायचेच. पण तो स्वतः कसा खेळायचा हे मी कधी बघितलं नाही, माझ्या वयाच्या कुणीच बघितलं नसणार. २०२४ मध्ये त्याला आणि लिअँडर पेसला न्यूपोर्टच्या इंटरनॅशनल टेनिस हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आशियातले पहिले दोन पुरुष, खूप आनंद झाला. पण बातमी नीट वाचली तर लिअँडर खेळाडूंच्या गटातून आणि विजय ‘योगदान’ या गटातून, म्हणजे खेळासाठी जे इतर काम केलं त्यासाठी. तेव्हापासून मनात आहे की खेळाडू म्हणून तो कमी पडला म्हणून असं झालं का?

दुसरा प्रश्न घरचा आहे. माझा भाचा ज्युनियर टुर्नामेंट्स खेळतो, चांगला खेळतो, पण त्याचं त्यालाच आता कळायला लागलंय की जगातल्या पहिल्या शंभरात जाणं ही वेगळीच गोष्ट आहे. मात्र मॅच बघताना हा पोरगा असं काही बोलतो की मी टीव्हीचा आवाज कमी करून त्याचं ऐकत बसतो, आता हा सेकंड सर्व्ह अंगावर टाकणार, आता हा ड्रॉप मारणार कारण समोरचा दोन पावलं मागे सरकलाय, आणि बऱ्याचदा तसंच होतं. घरात सगळ्यांना एकच काळजी, पुढे काय. म्हणून विचारतोय की हे कॉमेंट्रीचं काम नक्की असतं कसं, खेळाडू त्यात जातात कसे, आणि ते आयुष्य कसं असतं? ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा.

जुना_पुणेकर

खेळाडू म्हणून कमी पडला हे आधी डोक्यातून काढून टाका. मी त्याला खेळताना बघितलंय, आणि तेही पुण्यात. सप्टेंबर १९७४, डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांच्या टीम स्पर्धेची, सेमीफायनल, भारत विरुद्ध सोव्हिएत रशिया, पुण्याला झाली आणि आपण ३-१ जिंकलो. मी तेव्हा कॉलेजात होतो. उंचच उंच पोरगा, सर्व्ह टाकला की दोन ढांगांत नेटवर, आणि व्हॉली मारताना मनगट इतकं मऊ की बॉल मारला असं वाटायचंच नाही, नुसता ठेवलाय असं वाटायचं. त्या काळात गवतावर टेनिस असंच असायचं, पण त्याच्यासारखं दिसायला सुंदर फार कुणाचं नव्हतं.

आता जरा मागे जातो. मद्रासचा जन्म, डिसेंबर १९५३. लहानपणी फुप्फुसांचं दुखणं, सारखं हॉस्पिटल, शाळा बुडायची, तर आई मॅगी अमृतराज स्वतः त्याच्या वर्गात जाऊन बसायची आणि नोट्स काढून आणायची. ती माउली पॅकेजिंगचा कारखानापण चालवायची. मोकळ्या हवेत खेळू दे असं डॉक्टर म्हणाले म्हणून टेनिस, नाहीतर कुठलं काय. आनंद, विजय, अशोक तिघेही भाऊ टेनिसमध्ये गेले, अशोक पुढे हॉलिवूडमध्ये निर्माता झाला.

१९७३ चं वर्ष बघा. वय एकोणीस. विम्बल्डनची क्वार्टरफायनल, समोर यान कोडेश, पाच सेट, पाचवा ७-५ ने गेला आणि तो कोडेश पुढे विम्बल्डन जिंकला. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रेटन वुड्सची टुर्नामेंट फायनलला जिमी कॉनर्सला हरवून जिंकला, बक्षिसात व्होल्वो गाडी मिळाली. मग फॉरेस्ट हिल्सला, म्हणजे तेव्हाची यूएस ओपन, रॉड लेव्हरला पाच सेटमध्ये हरवून परत क्वार्टरफायनल. पुढच्या वर्षी तिथेच ब्योर्न बोर्गला हरवलं. तेव्हा टेनिसवाले म्हणायचे की नव्या पिढीचं ‘एबीसी’ म्हणजे अमृतराज, बोर्ग, कॉनर्स. यातले बी आणि सी कुठच्या कुठे गेले आणि ए तिथपर्यंत पोचला नाही हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण करिअरमध्ये सिंगल्सची पंधरा-सोळा टायटल्स आहेत, आणि जगात पहिल्या वीसात होता.

आणि त्या हरलेल्या मॅचेस! १९७९, विम्बल्डन, दुसरी राउंड, बोर्ग सलग तीनदा जिंकून आलेला, आणि विजय त्याच्यावर दोन सेट विरुद्ध एक असा पुढे. चौथा टायब्रेकला गेला आणि तिथे हातातून सुटली. १९८१, विम्बल्डन क्वार्टरफायनल, कॉनर्सवर पहिले दोन्ही सेट घेतले आणि पुढचे तीन गमावले. आम्ही रेडिओला कान लावून बसायचो, दुसऱ्या दिवशी पेपरात तेच परत वाचायचो आणि परत वाईट वाटायचं. पण हेही लिहून ठेवा, १९८४ साली मॅकेन्रो वर्षभरात ८२ मॅच जिंकला आणि फक्त तीन हरला, त्या तीनपैकी एक सिनसिनाटीला विजयकडून. तिशी गाठलेली होती त्याने तेव्हा.

डेव्हिस कपबद्दल तर लिहावं तेवढं थोडं. ७४ साली कलकत्त्याला ऑस्ट्रेलियाला हरवलं त्यात आनंद-विजयची डबल्स १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४ अशी झाली, ९९ गेम्स, एका मॅचचे! पूर्ण टाय, म्हणजे दोन देशांमधली सगळ्या मॅचेस मिळून लढत, ३२७ गेम्सची. मग पुण्यात रशियाला हरवून आपण फायनलला गेलो आणि समोर आली दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या धोरणाविरोधात सरकारने खेळायचं नाही असं ठरवलं आणि कप न खेळता तिकडे गेला. डेव्हिस कपच्या इतिहासात फायनल अशी सोडून दिलेली ती एकच. वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी होती ती, आणि त्याने नंतर कधी त्यावर रड लावली नाही, निर्णय बरोबरच होता असं म्हणत आला. १९८७ ला परत कॅप्टन म्हणून आणि खेळाडू म्हणूनही टीमला फायनलला नेलं, अर्जेंटिनाविरुद्ध दिल्लीला मार्टिन हाइतेसमोर दोन सेटने मागे पडून, हरता हरता मॅच फिरवली, मग सिडनीत ऑस्ट्रेलियाला हरवलं. फायनलला स्वीडनने गोथेनबर्गला ५-० ने धुतलं ते सोडा, इनडोअर क्लेवर त्यांना तेव्हा कुणीच हरवू शकत नव्हतं.

माझं मत विचाराल तर त्याची कॉमेंट्री चांगली आहे ती या हरलेल्या मॅचेसमुळे. दोन सेट पुढे असलेला माणूस तिसऱ्या सेटमध्ये आतून कसा आखडतो, हे जो स्वतः सेंटर कोर्टवर आखडलाय त्यालाच बाहेर बसून दिसतं. स्कोअरबोर्डवर ते दिसायच्या दोन-तीन गेम आधी तो बोलायचा, आठवून बघा.

आणि गंमत म्हणजे हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या न्यूपोर्टच्या गवतावर तो स्वतः तीनदा टुर्नामेंट जिंकलाय, ७६, ८० आणि ८४. तेव्हा कुठल्या गटातून घेतलं याने मला काही फरक पडत नाही. एटीपीच्या, म्हणजे पुरुष प्रोफेशनल खेळाडूंच्या संघटनेच्या, प्लेयर काउन्सिलचा अध्यक्ष होता १९८९ ते ९३, म्हणजे नेमका आजचा एटीपी टूर उभा राहिला तो काळ, मद्रासला ब्रिटानियाची जी अकॅडमी होती तिथून लिअँडर घडला, हे सगळं योगदानच आहे.

फीडरूम

वा काका, ७४ ची पुण्याची टाय बघितलेला माणूस इथे आहे हे वाचूनच बरं वाटलं.

मी बरीच वर्षं एका स्पोर्ट्स चॅनलच्या प्रॉडक्शनमध्ये होतो, टेनिसपण केलंय, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं जमेल तेवढं लिहितो. अमृतराजबरोबर काम केलेलं नाही हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, कॉमेंट्रीच्या बूथमध्ये दोन खुर्च्यांची कामं वेगळी असतात. एक लीड, म्हणजे मॅच उघडणारा, स्कोअर सांगणारा, जाहिरातींच्या ब्रेकला जाणारा-येणारा, वेळ सांभाळणारा. दुसरा एक्स्पर्ट, जो खेळलेला असतो, त्याने ‘का’ सांगायचं. विल्किन्स लीड होता, तो मुळात क्रिकेटर, ग्लॅमॉर्गन काउंटीकडून बोलिंग टाकायचा, खांदा गेल्यावर ब्रॉडकास्टिंगमध्ये आला. म्हणजे ती जोडी एक क्रिकेटर आणि एक टेनिसपटू अशी होती आणि म्हणूनच जमायची, कारण विल्किन्सला जे प्रश्न पडायचे ते घरी बसलेल्या माणसाचेच प्रश्न असायचे. दोघेही टेनिसपटू असले की कधी कधी आपसातच बोलत राहतात आणि बघणारा बाहेर राहतो.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. कॉमेंटेटर कोर्टकडे कमी आणि समोरच्या मॉनिटरकडे जास्त बघतो. कारण चित्र होस्ट ब्रॉडकास्टरचं, म्हणजे टुर्नामेंटचं मूळ प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीचं, असतं, कुठला कॅमेरा कधी लावायचा हे तिथला डायरेक्टर ठरवतो, जगभरच्या चॅनल्सना तेच चित्र जातं. समजा स्क्रीनवर कोचचा चेहरा आहे आणि कॉमेंटेटर कोर्टवर बूट बांधणाऱ्या खेळाडूबद्दल बोलतोय तर घरच्या माणसाला काही कळत नाही. म्हणून नजर मॉनिटरवर, आणि मधूनच काचेतून बाहेर, कारण काही गोष्टी मॉनिटरवर दिसत नाहीत, म्हणजे सर्व्हच्या आधी रिसीव्हर कुठे उभा आहे, वारा कुठून आहे, कोच बसतो त्या बॉक्समधून काय खुणा चालल्यात. चांगला एक्स्पर्ट हे बाहेर बघून घेतो आणि मॉनिटरवर योग्य चित्र आलं की बोलतो. हे एकत्र जमायला वर्षं जातात.

कानात हेडफोन, त्यात एका बाजूला मॅचचा आवाज आणि दुसरीकडे प्रोड्यूसर सतत काहीतरी सांगत असतो, दहा सेकंदात ब्रेक, नऊ, आठ, पुढचा रिप्ले दुसऱ्या अँगलचा आहे, शेजारच्या कोर्टवर सीडेड खेळाडू हरतोय. हे कानात चालू असताना तोंडातून वाक्य शांतपणे पूर्ण झालं पाहिजे. माझ्या बघण्यात मोठमोठे खेळाडू इथे गडबडलेत, ग्रँड स्लॅमच्या फायनलला न घाबरलेली माणसं उलटी मोजणी कानात सुरू झाली की अर्ध्या वाक्यात गप्प होतात. खोकला आला तर माइक बंद करायचं बटण असतं, ते दाबून धरायचं.

मग वेळेचा हिशोब. दोन पॉइंटच्या मध्ये सर्व्ह क्लॉक २५ सेकंदांचं. त्यात रिप्ले येतो. म्हणजे बोलायला खरे पाच-सात सेकंद, आणि सर्व्हर बॉल आपटायला लागला की गप्प. टेनिसमध्ये पॉइंट चालू असताना बोलायचं नाही, हा क्रिकेट आणि टेनिसमधला सगळ्यात मोठा फरक. क्रिकेटवाला बॉल पडतानाच बोलायला लागतो, टेनिसमध्ये रॅलीचा आवाज हीच कॉमेंट्री असते, बुटांचा घासल्याचा आवाज, स्ट्रिंग्जचा आवाज, लोकांचा श्वास. बीबीसीचा डॅन मॅस्केल या बाबतीत सगळ्यांचा गुरू. तो मुळात ऑल इंग्लंड क्लबचा कोचिंग प्रो, ब्रिटनचा प्रोफेशनल चॅम्पियन १६ वेळा, आणि टीव्हीवर १९५१ पासून १९९१ पर्यंत विम्बल्डन केलं. गेमच्या गेम एक शब्द न बोलता जायचे त्याचे. अमृतराज त्याच शाळेतला आहे असं मला कायम वाटत आलंय. पॉइंट संपल्यावरसुद्धा लगेच नाही बोलायचा, टाळ्या खाली येऊ द्यायचा आणि मग एक वाक्य.

चेंजओव्हर दीड मिनिटाचा, त्यात जाहिराती. म्हणजे डोक्यात मोठा विचार असेल तर तो मांडायला जागाच नाही, तो तीन तुकड्यांत सांगता आला पाहिजे. एक्स्पर्टची खरी परीक्षा ही.

आयुष्याचं विचारलंत तर बहुतेक जण फ्रीलान्स असतात, टुर्नामेंटप्रमाणे काँट्रॅक्ट. खेळत होते तेव्हाचंच कॅलेंडर, जानेवारी मेलबर्न, मे-जून पॅरिस, मग लंडन, मग न्यूयॉर्क. फरक इतकाच की खेळाडू हरला की घरी जातो, कॉमेंटेटर दोन आठवडे शेवटपर्यंत. सकाळी अकराला बूथमध्ये बसलेला माणूस रात्री शेवटची मॅच संपली की उठतो, मेलबर्नला ते पहाटेपर्यंत जाऊ शकतं. पाऊस आला तर सगळ्यात वाईट, कारण खेळ नाही पण प्रक्षेपण चालू आहे, आणि बोलत राहायचंय. सेंटर कोर्टवर २००९ ला छप्पर आलं त्याआधी विम्बल्डनला तासन् तास असं बोलावं लागायचं, आणि तिथे अमृतराजसारख्याची किंमत कळायची, त्याच्याकडे लेव्हरच्या, बोर्गच्या गोष्टी होत्या आणि त्या ऐकीव नव्हत्या, त्याच्या स्वतःच्या होत्या.

आता बरंच काम ऑफ-ट्यूब चालतं, म्हणजे मॅच पॅरिसला आणि कॉमेंटेटर मुंबईच्या स्टुडिओत टीव्ही बघून बोलतोय. कोविडनंतर तर फारच वाढलं. खर्च वाचतो, पण काचेतून बाहेर बघायचं जे म्हणालो ते संपलं. मला हे मनापासून आवडत नाही.

टॉपस्पिन_ठाणे

सगळ्यांचा आदर राखून एक वेगळं मत. अमृतराज ऐकायला गोड आहे पण तो कुणालाच कधी वाईट म्हणायचा नाही. खेळाडूने सरळ सरळ मॅच टाकली तरी ‘त्याला आज सूर सापडत नाहीये’ इतकंच. मला त्यापेक्षा मॅकेन्रो आवडतो, हा शॉट मूर्खपणाचा होता असं तोंडावर म्हणणारा. इतका मोठा खेळाडू, इतकं माहीत असलेला, आणि टीका करायची नाही, मग एक्स्पर्ट कशाला?

बे_एरिया_मावशी

टॉपस्पिन, मी इतकी वर्षं अमेरिकेत राहून हेच मॅकेन्रो-टाइप ऐकतेय, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकते. मॅकेन्रो खरंच ग्रेट आहे, त्याचं डोकं रॅलीच्या पुढे धावतं. पण तो ज्या उंचीवर खेळला तिथून त्याला कधी कधी कळतच नाही की चाळीसाव्या नंबरच्या खेळाडूला तो शॉट येतच नाही, प्रश्न धाडसाचा नसून हाताचा आहे. मात्र २००८ ची विम्बल्डन फायनल आठवा, फेडरर-नदाल, पाचवा सेट ९-७, अंधार पडलेला, आणि हरलेला फेडरर आत आला तेव्हा एनबीसीकडून मुलाखत घ्यायला मॅकेन्रो उभा होता. फेडररचे डोळे भरलेले. मॅकेन्रोने प्रश्न आवरते घेतले आणि त्याला मिठी मारली. १९८० ला बोर्गकडून पाच सेटची फायनल हरलेला माणूस होता तो, त्या क्षणी काय विचारायचं नसतं हे त्याला सांगावं लागलं नाही. काकांनी वर हरलेल्या मॅचेसबद्दल जे लिहिलंय ना, अगदी तेच.

पण माझी खरी आवडती मेरी कॅरिलो. तिचं उदाहरण भाच्याला जरूर सांगा. मॅकेन्रोच्याच गल्लीतली, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या डग्लस्टनची. १९७७ ला दोघांनी मिळून फ्रेंच ओपनची मिक्स्ड डबल्स जिंकली, तेव्हा दोघंही पोरवयाचीच. मग तिचे गुडघे गेले, १९८० मध्येच खेळ संपला, रँकिंग पहिल्या तीसातही कधी गेलं नाही. आणि मग टीव्हीवर आली. त्या काळात पुरुषांच्या मॅचवर बाईने काय बोलायचं असा सरळ प्रश्न विचारायचे इथे, आणि तिने नुसतं चांगलं काम करून तो प्रश्न संपवला. तिचं टेनिसवरचं बोलणं जितकं टोकदार तितकंच मायेचं. पुढे ऑलिम्पिकसुद्धा केलं, डॉग शोसुद्धा केला. पहिल्या दहात असणं ही कॉमेंट्रीची अट कधीच नव्हती, उलट ज्यांना हुशारीने खेळून टिकावं लागलं ते जास्त चांगलं समजावून सांगतात असं माझं निरीक्षण आहे.

आणि टीका न करण्याबद्दल. टेनिसचं जग फार छोटं आहे. सकाळी ज्याच्याबद्दल बोललात तो संध्याकाळी त्याच कॅन्टीनमध्ये भेटतो. त्यात आता तर कॉमेंटेटरच कोच असतात. डॅरन केहिल ईएसपीएनवर आणि त्याच काळात सिमोना हालेपचा कोच, ब्रॅड गिल्बर्ट २०२३ ला कोको गॉफला यूएस ओपन जिंकून देतो आणि तोही ईएसपीएनचाच माणूस. मला हे बरोबर वाटत नाही. माहिती आतली मिळते हे खरं, पण आपल्या खेळाडूच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल बोलताना मोकळेपणा राहतो का? अमृतराज गोड बोलायचा, पण कुणाच्या पगारावर नव्हता, तो स्वभावच होता. ते मला चालतं.

फीडरूम

मावशींशी सहमत. टॉपस्पिन, एक करून बघा, अमृतराजची कॉमेंट्री असलेली जुनी एखादी मॅच परत ऐका आणि शब्दांपेक्षा त्याने कधी बोललं ते बघा. खेळाडूने चुकीचा शॉट निवडला की तो लगेच ‘चुकलं’ म्हणत नाही, पुढच्या वेळी तसाच बॉल आला की आधीच सांगतो की इथे क्रॉसकोर्ट हवा. ऐकणाऱ्याला चूक कळते आणि खेळाडूचा अपमानही होत नाही. मला तरी ती टीकाच वाटते, नीट केलेली.

सेंटरकोर्ट_नाशिक

काका, फीडरूम, मावशी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुण्याच्या टायबद्दल तर मला काहीच माहीत नव्हतं, भाच्याला वाचून दाखवलं, तो लगेच म्हणाला फोटो शोधू.

त्याचा स्वतःचा प्रश्न आहे तो तसाच लिहितो: “आत्ता काय करू? खेळ सोडून मीडियाचा कोर्स करू का?”

रॅकेट_कोल्हापूर

मी कोच आहे, त्यामुळे आधी हेच सांगेन की खेळ सोडू नको रे बाबा. एक्स्पर्टच्या खुर्चीत बसायचं तिकीट म्हणजे खेळलेलं आयुष्य. रँकिंग किती ते सोड, पण फ्युचर्स, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या प्रोफेशनल टुर्नामेंट्स, खेळ, क्वालिफायिंग खेळ, तिसऱ्या सेटला पायात गोळे आलेत आणि समोरचा ड्रॉप मारतोय हे अंगावर घे. ते पुस्तकातून येत नाही.

दुसरं, अमेरिकन कॉलेजचा रस्ता बघ. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळला, २००७ आणि २००८ दोन्ही वर्षं एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, सिंगल्स जिंकला, मग एशियन गेम्सचं गोल्ड, आणि आता टीव्हीवर एक्स्पर्ट म्हणून बसतो तेव्हा त्याचं बोलणं ऐक, मुद्देसूद, मोजकं. खेळ आणि शिक्षण दोन्ही हातात राहतं, घरच्यांची काळजीपण कमी होते. त्यासाठी आत्तापासून मॅचचे व्हिडिओ काढून ठेवायचे, मार्कांकडे लक्ष द्यायचं, आणि कोचेसना स्वतः मेल करायचे.

तिसरं मात्र मनातलं आहे. आपल्याकडे मराठीत टेनिसची कॉमेंट्री जवळपास ऐकूच येत नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेट असं सांगितलं की आमच्या वडिलांना मैदान डोळ्यांपुढे दिसायचं. टेनिसला तसं कुणी मिळालंच नाही. बालेवाडीला २०१८ पासून काही वर्षं एटीपीची टुर्नामेंट झाली, माझी पोरं घेऊन गेलो होतो, जगातले खेळाडू दहा फुटांवरून बघितले त्यांनी. तिथे मराठीत सांगणारा एक जरी असता तर स्टँडमधल्या कितीतरी आई-वडिलांना कळलं असतं की आपलं पोरगं रोज काय शिकतंय. तू दोन्ही भाषांत तयारी कर. जिल्ह्याच्या, राज्याच्या टुर्नामेंट्सच्या फायनल्स आता यूट्यूबवर लाइव्ह जातात, बहुतेक वेळा मुक्या. आयोजकांना विचार, मी बोलू का म्हणून. फुकट बोलायला कुणी नाही म्हणणार नाही.

जुना_पुणेकर

कोल्हापूरकरांचं शेवटचं अगदी पटलं. आणि मुला, मराठीत बोलशील तेव्हा ड्यूस, ॲडव्हान्टेज, टायब्रेक हे शब्द तसेच ठेव, त्यांच्याशी झटापट करू नकोस. मराठी दिसायला हवं ते वाक्याच्या चालीत.

फीडरूम

भाच्यासाठी सराव सांगतो, नवीन लोकांकडून आम्ही हाच करून घ्यायचो. फोनवर रेकॉर्डिंग लाव, मॅच म्यूट कर आणि एक पूर्ण सेट एकट्याने बोल. दुसऱ्या दिवशी चित्र न बघता फक्त स्वतःचं रेकॉर्डिंग ऐक. पॉइंट चालू असताना किती वेळा बोललास त्याच्या खुणा कर, स्कोअर किती वेळा सांगितलास त्याच्या वेगळ्या खुणा कर. सुरुवातीला पहिल्या खुणा खूप आणि दुसऱ्या फार कमी निघतील, सगळ्यांच्या तशाच निघतात.

आणि सरावाला फेडरर-नदालची फायनल घेऊ नकोस, त्यातलं सगळं तू आधीच कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं आहेस. एखाद्या चॅलेंजरची, म्हणजे मुख्य टूरच्या खालच्या पायरीच्या टुर्नामेंटची, पहिली राउंड घे, बाहेरचं कोर्ट, दोन्ही नावं अनोळखी. आदल्या दिवशी त्या दोघांबद्दल एका कागदावर मावेल एवढंच लिहून काढ, कुठला, कोणत्या हाताने खेळतो, शेवटच्या पाच मॅचेस कशा गेल्या, एकमेकांशी आधी खेळलेत का. मग सेट सुरू कर. बोलून झाल्यावर बघ कागदावरचं किती वापरलंस. अर्ध्याहून जास्त वापरलं असशील तर मॅच कमी बघितलीस असं समज आणि दुसरा सेट घे.